ताईच्या चौथीच्या वर्गासाठी, ऑस्टिनहून

प्रिय ताई,

आईला नमस्कार सांग आणि माझा खोकला गेला हेही सांग, नाहीतर ती उगाच काळजी करत बसेल.

परवा तू फोनवर म्हणालीस ना, तुझ्या वर्गात दोन पार्ट्या पडल्यात, नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांची पोरं एकीकडे, आपल्याकडची जुनी दुसरीकडे, आणि ती पेठकडची मुलगी तर तोंडच उघडत नाही, तेवढ्यात नेटवर्क गेलं, म्हणून लिहितेय.

अगं, हे असलं इथे, अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्येच, मोठ्या प्रमाणावर झालंय. १९७१ साली इथल्या शाळांत गोरी, काळी, मेक्सिकन पोरं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. इलियट अ‍ॅरन्सन म्हणून मानसशास्त्राचे प्रोफेसर होते, त्यांनी पोरांना गोडीगुलाबीने राहा वगैरे उपदेश केलाच नाही, अभ्यासच असा लावला की एकमेकांशिवाय अडेल. जिगसॉ म्हणतात त्याला, म्हणजे तुकडे जोडायचं कोडं. आमच्या शाळेत अजून करतात.

तू गोदावरीवर कर. पाच-पाच जणांचे गट, मुद्दाम मिसळलेले. एकाला ब्रह्मगिरीचा उगम, एकाला गंगापूर धरण, मग रामकुंड, नांदूर मध्यमेश्वर (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आलंय ते नक्की घाल), शेवटी जायकवाडी. प्रत्येकाकडे फक्त आपल्याच भागाच्या माहितीची चिठ्ठी. आता खरी गंमत इथे आहे, आपल्या गटात सांगायच्या आधी सगळे उगमवाले एकत्र बसतात, सगळे धरणवाले एकत्र, आणि कसं सांगायचं ते ठरवतात, म्हणजे ती पेठची मुलगी गटात येते तेव्हा तिची तयारी झालेली असते आणि बाकीच्यांना तिचं ऐकावंच लागतं कारण शेवटी छोटी चाचणी पाचही भागांवर, ज्याची त्याने लिहायची. एखादं पोरगं दादागिरी करणारच, गटप्रमुख रोज बदल. आणि एका दिवसात काही होत नाही, काही आठवडे नेटाने कर.

दुसरं, प्रश्न विचारलास की थांब. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी वर्गांत टेप लावून बघितलं तर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबलं तर उत्तरं मोठी येतात आणि गप्प पोरंही बोलतात. तीन सेकंद फार लांब वाटतात गं, मी मनात आकडे मोजते.

हजेरीला ‘हजर बाई’ऐवजी घरच्या भाषेतला एक शब्द सांगू दे, अहिराणी, कोकणा, भोजपुरी, काहीही. पण रोज बाकांच्या एकाच रांगेने सांगायचं, नाहीतर पहिला तास हजेरीतच जाईल.

पालकांचं म्हणशील तर तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फीच्या आठवणीपुरता ठेव. पहिला फोन कौतुकाचा कर, म्हणजे पुढे तक्रारीचा करायची वेळ आली तरी उचलतील. शिफ्टवाल्यांना व्हॉइस मेसेज टाक, मराठी न वाचणाऱ्यांना हिंदीत. पालक सभेत सगळ्यांसमोर मार्क वाचून दाखवायची प्रथा मात्र बंद कर बाई, मुख्याध्यापक काहीही म्हणोत.

चिठ्ठ्या जूनमध्ये शाळा उघडायच्या आत करून ठेव, चिन्याला कामाला लाव, त्याचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. धरणाचे फोटो दाजींच्या फोनमध्ये असतील. जायकवाडीचा मजकूर मी टाईप करून रविवारी पाठवते.

तुझी,
छोटी