इम्पल्सच्या अनाम सोयऱ्यांचे आभार

माळशेज घाट चढून खिरेश्वर फाट्यापाशी भर पावसात माझ्या गाडीची, म्हणजे हिरो इम्पल्स मोटरसायकलची, क्लच केबल तुटली. ते पाहून टेम्पो बाजूला घेणाऱ्या दादांचे सगळ्यात आधी आभार. नाव विचारायचं राहूनच गेलं.

केबल लिव्हरपाशीच तुटली होती. दादांनी डब्यातून जुना इलेक्ट्रिक प्लग काढला, त्यातला पितळी तुकडा पिसकटलेल्या तारांवर चढवला आणि त्याचा स्क्रू आवळला. झालं, लिव्हरमध्ये अडकणारं केबलच्या टोकाचं बोंड तयार! तोवर माळव्याची पाटी खाली ठेवून एक मावशी आमच्यावर छत्री धरून उभ्या. "गियर कमी बदला, ओतूरपर्यंत जाईल," दादा म्हणाले. गेली. पैशांचं नाव काढलं तर रागावले.

ओतूरच्या गॅरेजवाल्या भाऊंकडे इम्पल्सची केबल असणं शक्यच नव्हतं. २०११ मध्ये आलेली ही १५० सीसीची गाडी बंद होऊनही बरीच वर्षं झाली. त्यांनी दुसऱ्या गाडीची केबल मापाला लावून, वळणं सैल ठेवून बसवली. अजून तीच आहे.

आणि पुण्यातले लेथवाले काका. हँडल उंच करायचे ठोकळे त्यांनी करून दिले, मागच्या चाकाचं चेनचं चक्कर जास्त दात्यांचं घ्या हेही त्यांनीच सुचवलं. आता पहिल्या गियरमध्ये दगडगोट्यांचा चढ आरामात निघतो; हायवेवर इंजिन बोंबलतं, ते चालायचंच. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवायला मात्र काकांनी साफ नकार दिला. त्याबद्दल शेजाऱ्यांतर्फेही आभार!