कन्नड उमेदवारांनी मराठी कागदासाठी बोलावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९५६ साल आमच्या सीमाभागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. १७ जानेवारीला बेळगावात गोळीबार झाला, १ नोव्हेंबरला आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, सार्वत्रिक निवडणूक झाली. मराठी शाळेत वर्षानुवर्षे इतिहास शिकवला, म्हणून तिच्याबद्दल लिहिते आहे.

विरोधी आघाडीचे नेते बंडारनायके यांनी ‘फक्त सिंहला’ ही एकच राजभाषा करण्याचे वचन दिले. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षे होत असल्याचे ते वर्ष. भिक्खू गावोगाव प्रचाराला उतरले आणि भाषेला धर्म येऊन मिळाला. सत्ताधारी युनायटेड नॅशनल पार्टी तोवर सिंहला आणि तमिळ दोन्ही भाषांच्या बाजूची होती. पराभव दिसताच फेब्रुवारीत तिनेही ‘फक्त सिंहला’ स्वीकारले. मला सर्वांत जास्त खुपते ते हेच. तमिळ माणसाने मग दाद कुणाकडे मागायची? एवढे करूनही तो पक्ष ८ जागांवर आला. बंडारनायके यांच्या आघाडीला ९५ पैकी ५१ मिळाल्या. जूनमध्ये तसे विधेयक संसदेत आले आणि पुढे त्याचा कायदा झाला. त्याविरुद्ध कोलंबोत शांतपणे सत्याग्रहाला बसलेल्या तमिळांना जमावाने मारले. १९५७ साली बंडारनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी समझोता केला, पण भिक्खूंच्या दबावाखाली पुढच्याच वर्षी तो मोडला. १९५९ मध्ये एका भिक्खूनेच त्यांना गोळ्या घातल्या.

आपल्याकडे धर्म या भांडणात नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापूरकर आणि धारवाडकर एकाच डोंगरावर भंडारा उधळतात. हे असेच राहावे, म्हणून भाषेच्या व्यासपीठावर देवाधर्माच्या घोषणा नकोत, कुठल्याच बाजूच्या.

पण सरकारी कागदाचा प्रश्न आज, आत्ता आहे. मी कन्नड आवडीने शिकले, त्यामुळे गल्लीतल्या बायका उतारे, नोटिसा वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. एका आजींना वारसा नोंदीवरच्या हरकतीची नोटीस आली होती. कन्नड येत नाही, म्हणून त्यांनी ती रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली. माझ्याकडे आल्या तेव्हा मुदत संपली होती.

जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे राष्ट्रीय पातळीवर मान्य झालेले आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. मराठी नोटीस काढायला त्या निकालासाठी थांबायचे कारण नाही.

सिलोनच्या संसदेत त्या विधेयकाला विरोध करणाऱ्यांत सिंहली डावे खासदारही होते. म्हणून माझी विनंती महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवारांपेक्षा बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कन्नड भाषिक उमेदवारांना आहे. उतारा, नोटीस, मतदारयादी कन्नडसोबत मराठीतही मिळेल, असे तुमच्या जाहीरनाम्यात लिहा आणि प्रचारसभेत कन्नडमधून तसे सांगा.

– एक निवृत्त शिक्षिका, खानापूर