उपकारस्तुतीचं पाकीट

ती. आई-पप्पा,
सप्रेम सलाम.

पप्पा, मोतीबिंदूची तारीख घेतली आहे आणि पैसेही भरलेत. चर्चमध्ये देवाचे आभार म्हणून द्यायला कपाटात ठेवलेल्या उपकारस्तुतीच्या पाकिटातलेच. आईवर चिडू नका, मीच मागून घेतलं.

देवाचं काढून घेतलं असं वाटेल तुम्हाला. बायबलमधली दावीद राजाची गोष्ट तुम्हीच सांगायचात ना? अरवना यबूसी वेदीसाठी आपलं खळं, बैल सगळं फुकट द्यायला तयार होता, तरी राजाने 50 शेकेल चांदी मोजून दिली. ज्याला पदरचं काही लागलं नाही ते होमार्पण त्याला नको होतं. कबूल. पण दाविदाने आपलं दिलं. तुम्ही आईची झोप देताय. कळव्याच्या त्या जिन्यात तुम्हाला पायरी दिसत नाही आणि तुम्ही वर येईपर्यंत ती दारात उभी असते.

मंदिरात आपलं होतं नव्हतं ते टाकणाऱ्या विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे दोन छोटी नाणी, काढाल आता, माहीत आहे मला. मार्काच्या 12 व्या अध्यायात त्याच्या जरा आधीचं वचनही वाचा, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांचं. आणि 7 व्या अध्यायात आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावावर टाकणाऱ्यांना येशूने काय सुनावलं? ते लेकरांना सांगितलंय, म्हणजे मला. तुमचा डोळा तसाच ठेवून मी रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी पुढे सरकवू कशी?

ऐपत नसेल त्याने मेंढराऐवजी दोन पारवे आणावेत, तेही जमत नसेल तर थोडं सपीठ, असं लेवीयाच्या पुस्तकातच आहे. येशूच्या आईबापांनीसुद्धा मंदिरात पक्ष्यांचीच जोडी नेली. पौलही करिंथकरांना तेच लिहितो: मनापासून द्यायची तयारी असली, की जवळ असेल त्या मानाने दिलेलं मान्य होतं, नसेल त्या मानाने नाही. तुम्ही रुमालाच्या टोकाला गाठ मारून मला पावली द्यायचात आणि मी ती थाळीत मुद्दाम वाजवून टाकायचे. तेव्हा नाही कधी म्हणालात, कमी आहे म्हणून.

ऑपरेशननंतर महिनाभर ऐरोलीला राहायचं. इथे लिफ्ट आहे, कमोड आहे, खोलीत दुपारी ऊन येत नाही. ज्वारीचं पीठ आणून ठेवलंय, आईला भाकरी थापायला लागणार नाही (थापेलच म्हणा). रविवारची उपासना मोबाईलवर लावून देईन. पाळकसाहेबांशी बोलले, त्यांना जराही वाईट वाटलेलं नाही.

थेंब वेळेवर. डोळा चोळायचा नाही, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. चष्म्यावरून वाद नको.

आणि पप्पा, वेदीपाशी काही न्यायचंच असेल, तर मत्तयाचा 5 वा अध्याय आहे. भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचं. नगरच्या जागेबद्दल मी एक शब्द बोलत नाही, कोण बरोबर तेही विचारत नाही. ऑपरेशनच्या आधी काकांना फोन करा. त्यांचा नंबर बदललेला नाही. तुम्हाला आकडे दिसत नसतील तर आई लावून देईल.

साखर तपासायला उपाशीपोटी जायचं. चहा पिऊन नाही. आई, लक्ष ठेव गं.

तुमची,
बेबी