चॅपमन्स पीकचा रस्ता बंद आहे, हे आम्हाला हाउट बेला पोचल्यावर का कळलं?

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दक्षिण आफ्रिका सहलीतील केप द्वीपकल्पाच्या दिवसाबद्दल तक्रार व परताव्याची मागणी

महोदय/महोदया,

आपल्या दक्षिण आफ्रिकेच्या ग्रुप टूरला मी आणि माझे वडील जूनमध्ये आलो होतो. केप टाउन ते केप पॉइंट या समुद्रकाठच्या ड्राइव्हचा (चॅपमन्स पीकचा डोंगररस्ता त्यातच येतो) दिवस कसा वाया गेला, ते मी परत आल्या आल्या ईमेलने कळवलं. त्यावर ‘हवामान आमच्या हातात नसते, बुकिंगच्या अटी पाहाव्यात’ असं उत्तर आलं. मी जे विचारलं होतं त्याचं हे उत्तर नाही, म्हणून हे सविस्तर पत्र लिहिते आहे.

पाऊस पडला याबद्दल माझी तक्रार नाही. केप टाउनचं हवामान भूमध्य सागरी. तिथे उन्हाळा कोरडा जातो आणि पाऊस पडतो तो हिवाळ्यात, म्हणजे साधारण मे ते ऑगस्ट. हे शाळेच्या भूगोलात असतं. आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीचा आणि त्याला जोडून येणारा आपला सगळा हंगाम नेमका त्या पावसात पडतो. मग त्या दिवसाच्या कार्यक्रमात ‘पाऊस असल्यास’ अशी एकही ओळ का नसावी?

रस्ता बंद ठेवला याबद्दलही तक्रार नाही. पावसाळ्यात वरंध घाट बंद होतो तेव्हा आपण मुकाट ताम्हिणीने जातो, कारण दरडीशी वाद घालता येत नाही. चॅपमन्स पीकचा रस्ता तर त्याहून अवघड जागी आहे. हाउट बे ते नूर्डहुक हे जेमतेम ९ किलोमीटर अंतर, त्यात ११४ वळणं. खाली ग्रॅनाइट, वर वालुकाश्म आणि त्या दोन्हींच्या सांध्यावर १९१५ ते १९२२ या काळात कोरून काढलेला रस्ता. वरचा दगड पावसाने सुटतो. जानेवारी २००० मध्ये दरड कोसळून जीव गेला, तेव्हा हा रस्ता जवळजवळ चार वर्षं बंद होता. डोंगराला जाळ्या लावून, अर्धबोगदा खोदून डिसेंबर २००३ मध्ये तो टोल रस्ता म्हणून पुन्हा सुरू झाला. तेव्हापासून हवा बिघडली की तो बंद करतात. बंद करणाऱ्यांबद्दल आम्हाला आदरच आहे.

ही माहिती माझ्या वडिलांची. त्यांची नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली, त्यातली बरीचशी कोकणातल्या घाटांत, दर पावसाळ्यात दरडी उपसण्यात. आपल्या पुस्तिकेतलं चॅपमन्स पीकचं पान पाहूनच त्यांनी ही सहल निवडली. सिंह, हत्ती यांच्याबद्दल त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. त्यांना तो अर्धबोगदा बघायचा होता. डोंगर एका बाजूने कोरला आहे, दुसरी बाजू समुद्राकडे उघडी आहे, तर वरच्या कातळाचा भार कसा पेलला असेल, हे त्यांना प्रत्यक्ष पाहायचं होतं.

त्या दिवशी झालं ते असं. पाऊस आदल्या रात्रीपासून लागला होता. बस कॅम्प्स बेच्या बाजूने निघाली आणि सी पॉइंटलाच, म्हणजे अजून शहरातच असताना, ड्रायव्हर टूर मॅनेजरना म्हणाला की चॅपमन्स आज सकाळपासून बंद आहे. पहिल्याच सीटवर बसलो होतो, आम्ही हे कानांनी ऐकलं. टूर मॅनेजरनी माइक हातात घेतला आणि अंताक्षरी सुरू केली. हाउट बेला पोचलो तर समुद्र खवळलेला, सील बेटाकडे जाणाऱ्या बोटी बंद. आणि तिथे उतरल्यावर आम्हाला सांगण्यात आलं की पुढचा रस्ताही बंद आहे.

हाउट बेच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे चॅपमन्स पीकचा उतार दिसतो. वडील छत्री घेऊन तिथे उभे राहिले. ढग थोडा सरकला की डोंगराच्या कमरेवरून गेलेली रस्त्याची रेघ आणि कठडा दिसायचा, लगेच झाकला जायचा. चष्मा पुसून पुसून ते बघत होते. त्यांनी टूर मॅनेजरना विचारलं, “बस पलीकडच्या बाजूला पाच मिनिटं नेता येईल का? रस्ता बंद असला तरी पायथ्याकडून वरचं काम दिसेल.” त्यांना उत्तर मिळालं, “काका, उशीर होतोय, बसा पटकन.”

आणि तिथून बस गेली ती खड्यांच्या आणि भेटवस्तूंच्या दुकानात. हे दुकान कार्यक्रमात छापलेलं नव्हतं. ‘पाऊस जरा थांबू दे’ असं सांगून आम्हाला तिथे तब्बल पावणेदोन तास ठेवलं. पाच मिनिटं नव्हती आणि पावणेदोन तास होते! या तक्रारीचं मूळ इथे आहे. त्या दुकानाशी आपला काय व्यवहार आहे ते मला माहीत करून घ्यायचं नाही, पण ग्रुपचा वेळ आम्ही पैसे मोजून घेतलेला होता.

दुकानातून निघून म्यूझेनबर्गवरून सायमन्स टाउनला आलो तेव्हा अडीच वाजले होते. पेंग्विनचं बोल्डर्स बीच तिथेच आहे. बसमधली लहान मुलं खिडक्यांना नाक लावून बसली होती. ‘येताना बघू’ म्हणून बस पुढे काढली. हिवाळ्यात बोल्डर्सचं फाटक ५ वाजता बंद होतं, हे वर्षानुवर्षं तिथे सहली नेणाऱ्या कंपनीला ठाऊक नसावं हे मला पटत नाही. परत आलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं. आफ्रिकन पेंग्विनची गणना २०२४ पासून अतिसंकटग्रस्त जातींत झाली आहे. त्या मुलांना ‘पुढच्या वेळी’ असं सांगणं मला बरं वाटलं नाही.

केप पॉइंटला दाट धुकं होतं. ‘काही दिसत नाही, दहा मिनिटांत परत या’ एवढीच सूचना मिळाली. खरं तर त्या जागेची गोष्टच धुक्याची आहे. वरचं जुनं दीपगृह १८६० पासूनचं, समुद्रसपाटीपासून २३८ मीटरवर. इतकं उंच की ढगात बुडायचं आणि जहाजांना दिसायचंच नाही. १९११ मध्ये लुसितानिया हे पोर्तुगीज जहाज तिथे खडकावर फुटलं, त्यानंतर खूप खाली नवं दीपगृह बांधलं. ते १९१९ मध्ये सुरू झालं. धुक्यात उभं राहून हे ऐकायला मिळालं असतं, तर दीपगृह खाली का आणावं लागलं ते सगळ्यांना तिथल्या तिथे कळलं असतं. आम्ही दोघं वरपर्यंत चढून गेलो, वारा छत्री उलटी करत होता, आणि मला सांगायला हवं की सबंध दिवसातली तेवढीच वेळ सार्थकी लागली.

त्या दिवशी करण्यासारखं पुष्कळ होतं. सकाळीच बस उलट्या दिशेने, म्यूझेनबर्ग आणि कॉक बेवरून नेली असती तर किनारा डाव्या हाताला सतत सोबत राहिला असता, बोल्डर्स दुपारच्या आत झालं असतं, केप पॉइंटला निवांत वेळ मिळाला असता. पेंग्विनना पावसाचं काय! पाऊस फारच असता तर शहरात डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम होतं. यासाठी सकाळी एक फोन आणि थोडी आस्था लागते.

त्यामुळे माझं म्हणणं आहे की ही ‘नैसर्गिक आपत्ती’ नसून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली सेवेतील त्रुटी आहे. चॅपमन्स पीकचा टोल, सील बेटाची बोट आणि बोल्डर्सचं प्रवेश शुल्क आम्ही भरलेल्या रकमेत धरलेलं होतं. यातलं काहीही आपल्याला खर्च करावं लागलं नाही. त्याचा हिशेब द्यावा आणि ती रक्कम आम्हा दोघांनाच नव्हे, त्या बसमधल्या प्रत्येकाला परत करावी. दुकानात घालवलेल्या वेळेबद्दल लेखी खुलासा हवा. आणि मे ते ऑगस्टच्या सहलींच्या पुस्तिकेत चॅपमन्स पीकच्या फोटोखाली तो रस्ता पावसात बंद असू शकतो हे छापावं, पर्यायी मार्गही छापावा. पैशांपेक्षा मला ही शेवटची मागणी महत्त्वाची वाटते, कारण तो फोटो पाहून आणखी कुणीतरी वडिलांना घेऊन येणार आहे.

बुकिंगची पावती, छापील कार्यक्रम आणि आपल्या ईमेलची प्रत सोबत जोडली आहे. त्या दिवशीच्या बसमधल्या काही सहप्रवाशांच्या सह्याही आहेत. हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर न आल्यास मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे रीतसर तक्रार दाखल करीन.

कळावे,

आपली,
(सही)
सहलीतील प्रवासी, कोथरूड, पुणे

सोबत : वरीलप्रमाणे