डोंगराने पर्जन्यमापक बघून पडावं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात दरडीची बातमी वाचली. 'मुसळधार पावसामुळे दरड कोसळली', आणि अग्रलेखात 'निसर्गाचा कोप'. माळीणला 2014 मध्ये हाच कोप होता, तळीयेला 2021 मध्ये हाच, इरशाळवाडीला 2023 मध्ये पुन्हा हाच. मजकूर तयारच असतो आणि फक्त गावाचं नाव बदलतं, अशी शंका येते. राग मानू नये.

माझं माहेर पोलादपूरकडचं. चार वर्षांपूर्वी आषाढातली झड लागली होती तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या मागे, जमिनीतून झरा फुटला. पडवी आमची उपळटच, तिथल्या ओलीचं कोणाला काही वाटत नाही. पण चुलीमागे आजीच्या आठवणीतही कधी पाणी आलं नव्हतं. वहिनी तांब्याने उपसत बसली. दुसऱ्या दिवशी तेच पाणी गढूळ झालं, तेव्हा भाऊ उठला आणि मागच्या डोंगरावर जाऊन आला. रायवळ आंब्याच्या वरच्या अंगाला जमीन फाटली होती. भेगेत छत्री घातली ती मुठीपर्यंत गेली. कळवलं. साहेब आले, मोबाइलवर भेगेचा फोटो काढला, 'माती लोटून बुजवून टाका' म्हणाले, चहा घेतला आणि गेले.

भावाने म्हातारीला आणि पोरांना घेऊन शाळेत मुक्काम हलवला. दोन दिवसांनी पाऊस उघडला, चक्क ऊन पडलं, वहिनीने शाळेच्या व्हरांड्यात कपडे वाळत घातले. त्याच दुपारी आंबा, गोठा आणि दोन म्हशी खाली ओढ्यात गेल्या.

पुढची गंमत ऐका. भरपाईच्या अर्जावर शेरा आला: 'सदर दिवशी मंडळात अतिवृष्टीची नोंद नाही.' चोवीस तासांत 65 मिलीमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी, आणि त्या दिवशी पडला होता 9. चूक डोंगराचीच. त्याने आकडा बघून पडायला हवं होतं!

अहो, पर्जन्यमापक आभाळातून पडलेलं पाणी मोजतो, डोंगरात साठलेलं नाही. आमच्याकडे वर माती आणि मुरूम, खाली काळा कातळ. पंधरा-वीस दिवस मुरलेलं पाणी कातळावर येऊन अडतं आणि आतल्या आत त्याची पातळी चढत जाते. वरची माती जड होते, आणि मातीच्या कणांमध्ये दाबाने शिरलेलं पाणी त्यांची एकमेकांवरची पकड सोडवतं. पाऊस थांबला म्हणून ते पाणी लगेच उतरत नाही, वरच्या अंगाचं अजून खाली येतच असतं. घाटातल्या संरक्षक भिंतींना भोकं ठेवतात ती कशासाठी? भिंतीमागे पाणी तुंबू नये म्हणूनच ना? एवढं ठेकेदाराला कळतं. मग वाडीत नवा झरा फुटला, जुना एकाएकी आटला किंवा गढूळ झाला, तर त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात होते? दरडप्रवण गावांची यादी आहे म्हणे. इरशाळवाडी त्या यादीत नव्हती, हे विधानसभेतच सांगितलं गेलं.

आता तुमच्या पुरवणीबद्दल. ज्या दिवशी पहिल्या पानावर ढिगारा, त्याच दिवशी आत 'चला, चिंब भिजू या' आणि सेल्फीच्या जागा! त्यात एक 'यंदाच उगम पावलेला, अजून गर्दी न झालेला धबधबा' दिला आहे, आणि फोटोत त्याचं पाणी तांबडंलाल दिसतंय. त्याच्या खाली चार घरांची कौलंही दिसतात. तिथे पर्यटक पाठवण्याआधी त्या चार घरांत कोणी जाऊन विचारलं का, हे वार्ताहराकडून कळवावे.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, डोंबिवली

ता. क. : आमच्याकडे अंक आठवडाभर भिजून येतो आहे. निदान प्लास्टिकची पिशवी घालायला सांगा.