एक काच तुझ्यासाठी ठेवली आहे

शनिवार, रात्री उशिरा

प्रिय नंदा,

फोनवर हे बोलवलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

मंगळवारी लॅबमध्ये सात वर्षांचा एक मुलगा आला. दीड वर्षात तीन चष्मे बदलले, तरी फळ्यावरचं दिसेना. शाळेत म्हणे, ‘लक्षच नसतं त्याचं.’ शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा पाहिला, बॅटनची, म्हणजे मुलांची नजर आणि मेंदू हळूहळू निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजाराची शंका आली आणि चिठ्ठीवर लिहिलं : स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) स्वतः बघा. किती बरं झालं! मशीनचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, अगदी नॉर्मल होता. आधीच्या एका लॅबने तेवढ्यावरच ‘नॉर्मल’ लिहून दिलं होतं, त्याचा मला अजून राग येतो गं.

नळीतलं रक्त शिळं झालं की पेशींना खोट्या पोकळ्या पडतात, म्हणून बोट टोचून तिथल्या तिथे काच केली. लीशमनचा रंग लावला, तेल घातलं, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि हात थांबला. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीच्या त्या निळ्या पातळ कडेत गोल, स्वच्छ, रेखीव छिद्रं. आंबोळीला जाळी पडते ना, अगदी तशी. एका पेशीत चार, शेजारणीत सहा.

फिनलंडच्या फॉन बाग आणि होर्टलिंग यांनी हे १९४८ साली लिहून ठेवलंय. बॅटनच्या सीएलएन१ आणि सीएलएन२ या प्रकारांत बिघडलेलं एन्झाइम मोजता येतं, पण अशा पोकळ्या दिसत नाहीत. याच्यात शंका आहे ती सीएलएन३ ची; त्यात बिघडतं ते लायसोसोमच्या, म्हणजे पेशीतला कचरा जिरवणाऱ्या पिशवीच्या, पडद्यातलं प्रथिन. मोजायला एन्झाइमच नाही. मग ही दहा मिनिटांची काचच वाट दाखवते. पेशींत नको ते साचत जाणाऱ्या इतर आजारांतही पोकळ्या असतात, म्हणून जनुकाची तपासणी पाठवली आहे.

आईने मोबाइलवर वाचलं होतं, मेंदूत एन्झाइम सोडायचं औषध निघालंय. ते सीएलएन२ चं, २०१७ पासूनचं. “आमच्या पोराला चालेल का हो, मॅडम?” मी रिपोर्ट येऊ दे म्हटलं. पुढे फिट्स, मग बोलणं, मग चालणं… हे मी कसं सांगणार होते?

आईवडील आते-मामे भावंडं. कडेवर तीन वर्षांची धाकटी होती, माझ्या पेनाकडे टक लावून बघत. “हिचंही रक्त बघता?” आईने विचारलं. मी म्हटलं, आधी मोठ्याचा रिपोर्ट येऊ दे, जनुक समुपदेशकांशी बोलू, मग ठरवू. ते बरोबरच होतं. पण खरं सांगू? तिच्या बोटाला सुई लावायचं धाडसच मला झालं नाही.

दिवाळीत येशील तेव्हा काच दाखवते. तुझ्या विद्यार्थ्यांसाठी एक जास्तीची करून ठेवली आहे, आईला विचारूनच.

तुझी,
माधुरी