लाल नव्हे, सुंदर चौक

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतल्या मॉस्कोवरच्या लेखात पुन्हा तेच छापले आहे, की क्रांतीनंतर लाल बावट्यावरून तिथल्या प्रसिद्ध चौकाला ‘लाल चौक’ हे नाव पडले. क्रांती १९१७ ची. ‘क्रास्नाया प्लोशाद’ हे त्या चौकाचे रशियन नाव सतराव्या शतकापासून रूढ आहे!

मला राग येण्याचे कारण घरचे आहे. गेल्या वर्षी एका प्रश्नमंजूषेत माझ्या नातीला याच नावाचा अर्थ विचारला होता. तिने ‘सुंदर चौक’ असे उत्तर दिले. परीक्षकांनी ते चूक ठरवले, वर वर्तमानपत्राचे कात्रण दाखवले. एका गुणाने तिचा गट बाद झाला. घरी येऊन ती मला म्हणाली, “आजी, तूच मला चुकीचं सांगितलंस.” तरुणपणी दोन वर्षे पुण्यात मी रशियन शिकले, तेव्हा बाईंनी पहिल्या महिन्यातच हा शब्द समजावला होता. जुन्या रशियनमध्ये ‘क्रास्नी’ म्हणजे देखणा. ‘क्रासा’ म्हणजे सौंदर्य. लोककथांतली ‘क्रास्ना देवित्सा’ ही रूपवती मुलगी, रंगाने लाल नव्हे. घरात देवाच्या तसबिरी ठेवायचा मानाचा कोपरा, तो ‘क्रास्नी उगोल’. आजच्या बोलीत ‘क्रास्नी’चा लाल एवढाच अर्थ उरला आणि सगळा घोटाळा झाला.

हे नाव रूढ होण्याआधी या जागेला ‘तोर्ग’, म्हणजे बाजार म्हणत. आगीवरून ‘पोझार’ असेही म्हणत. नाव शेजारच्या क्रेमलिन किल्ल्याच्या लाल विटांवरून आले, असेही कुणी सांगते. पण एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांत त्या भिंती चुन्याने पांढऱ्या रंगवलेल्या दिसतात.

त्याच लेखात सेंट पीटर्सबर्ग हे नाव झार पीटरने स्वतःवरून ठेवल्याचे म्हटले आहे. तेही चूक. १७०३ साली वसवलेल्या त्या शहराला येशूचा शिष्य संत पीटर याचे नाव दिले. झारचे नावही तेच, इतकेच. ‘सेंट’ हा शब्द डोळ्यांसमोर असताना लेखकाला शंकाही येऊ नये?

आपला अंक आमच्या घरी चाळीस वर्षे येतो. मुले तो प्रमाण मानतात, परीक्षकही मानतात. म्हणून दुरुस्ती कोपऱ्यात बारीक टायपात नको, पुढच्या रविवारी त्याच पानावर हवी. ते कात्रण मला नातीच्या हातात द्यायचे आहे.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा